बोटीवर संसार थाटण्याआधी

पत्राचा सारांश: मी 36 वर्षांचा, मूळचा सातारा जिल्ह्यातला. पाच वर्षांपासून लंडनच्या पश्चिमेला हेज इथे राहतो. आयटीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं. पत्नी स्लाऊच्या एका रुग्णालयात नर्स आहे, तिला रात्रपाळ्या असतात. घरभाडं महिन्याला 1,550 पौंड आणि शिल्लक 56,000 पौंड. इतक्यात घर घेणं शक्य नाही. ग्रँड युनियन कालव्यावर 1998 सालची, 57 फुटी जुनी नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) 47,500 पौंडांना मिळते आहे. मालक म्हणतो, गेल्याच वर्षी तळाला रंग दिलाय, सेफ्टी सर्टिफिकेटची तीन वर्षं बाकी आहेत, सर्व्हेवर पैसे घालवू नका. मुक्कामाची कायमची जागा नसली तरी दर 14 दिवसांनी बोट हलवत हेज ते स्लाऊ या पट्ट्यात राहायचं, असा विचार आहे. भाडं वाचेल आणि चार वर्षांनी बोट विकून घराचं डिपॉझिट भरता येईल. पत्नीला सुरुवातीला जड जाईल, पण सवय होईल. पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा येणार आहेत. मालक महिनाअखेरपर्यंत 5,000 पौंड टोकन मागतोय. काय करावं?

आधी घाईचं बोलून घेऊ. ते पाच हजार इतक्यात देऊ नका. द्यायचेच झाले तर ‘सर्व्हेमध्ये दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत’ एवढं लेखी घ्या, मगच द्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुम्ही मालकाच्या दोन गोष्टींवर विसंबला आहात आणि त्यांतली एकही बोटीच्या तळाविषयी काही सांगत नाही. बोट सेफ्टी स्कीमचं सर्टिफिकेट चार वर्षांसाठी मिळतं. त्यात गॅसची जोडणी, वायरिंग, डिझेलची टाकी, हवा खेळती आहे का, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हे तपासतात. आग लागू नये, स्फोट होऊ नये यासाठी ती तपासणी आहे. पत्रा किती मिलिमीटर उरलाय, हा प्रश्न त्यात येतच नाही. तळाला दिलेला काळा रंग दर दोन-तीन वर्षांनी द्यावाच लागतो. मालकाने तो दिला हे चांगलंच केलं. पण रंगाखाली गंजाचे खड्डे असले तर ते रंगामुळे दिसत नाहीत.

त्या काळातली बोट बहुतेक ‘दहा-सहा-चार’ असते. म्हणजे तळाचा पत्रा 10 मिलिमीटर, पाण्यातल्या बाजू 6 आणि केबिन 4. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं पाण्यात राहिल्यावर यातलं काय उरलंय, ते बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय कळत नाही. आम्ही सगळ्यात आधी पसंत केलेल्या बोटीचा सर्व्हे मी शेजारी उभी राहून पाहिला होता. कोरड्या गोदीत बोट लाकडी ठोकळ्यांवर टेकलेली, खाली शेवाळाचा वास. सर्व्हेअरने हातोडीने ठोकत ठोकत फेरी मारली. मग काळा रंग नखाएवढा खरवडायचा, त्यावर सोनोग्राफीला लावतात तसलं जेल लावायचं, प्रोब टेकवायचा आणि जाडीचा आकडा खडूने तिथेच पत्र्यावर लिहायचा, असं सुरू झालं. 5.8. हातभर पुढे 5.7. मग 5.5. मागच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या रेषेपाशी आल्यावर 4.6, मग 3.7, मग 3.4. मालक तिथेच उभा होता, तो काही बोलला नाही. त्या बोटीचं आतलं लाकूडकाम इतकं देखणं होतं की मी मनातल्या मनात पडदेसुद्धा शिवून ठेवले होते. ती बोट आम्ही सोडली. सर्व्हे आणि गोदीचं भाडं मिळून आठेकशे पौंड गेले, त्यांचं मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही.

आकडे चारच्या खाली गेले की बऱ्याच विमा कंपन्या कुरकुर करतात. वरून नवीन पत्रा जोडून घ्यावा लागतो आणि ते काम काही हजारांत जातं. सर्व्हेअर तुम्ही नेमलेला हवा. मालकाने सुचवलेला नको, त्याने दाखवलेला जुना अहवालही नको.

कागदपत्रांचंही इथेच सांगते. आपल्याकडे जमिनीला सातबारा असतो, गाडीला आरसी बुक असतं. बहुतेक नॅरोबोटींना मालकी सिद्ध करणारं असं सरकारी दफ्तरच नाही. कालव्याचा परवाना ज्याच्या नावावर आहे तो मालक असेलच असं नाही. म्हणून आजवरच्या सगळ्या खरेदीपावत्यांची साखळी मागा, बोटीवर कुणाचं कर्ज नाही हे लिहून घ्या आणि विक्रेत्याचं नाव त्याच्या ओळखपत्राशी ताडून पाहा. हा परवाना खरेदीदाराच्या नावावर आपोआप होत नाही, तो नव्याने काढावा लागतो. पुष्कळ जण इथे फसतात ते आणखी एका गोष्टीत: बोट ज्या धक्क्याला बांधलेली दिसते ती जागा बोटीबरोबर मिळत नाही. जाहिरातीत तसं म्हटलं असेल तर धक्क्याच्या मालकाशी स्वतः बोला.

आता तुमच्या 14 दिवसांच्या हिशोबाकडे वळते. कायमची जागा नसलेल्या बोटींना ‘कंटिन्युअस क्रूझर’ म्हणतात. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज अ‍ॅक्टमध्ये त्यांची अट दिली आहे. एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. पण त्याच कलमात बोट वर्षभर खऱ्या अर्थाने प्रवासासाठी वापरली पाहिजे, असंही म्हटलंय. 2012 पासून इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या ताब्यात आहेत. बोट कधी कुठे दिसली याच्या नोंदी ट्रस्टची माणसं ठेवतात. वर्षभरात बोट ज्या पट्ट्यात फिरली त्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी 20 मैलांपेक्षा कमी असेल तर अट पाळली असं सहसा मानलं जात नाही, हे ट्रस्टने स्पष्ट सांगून ठेवलंय. तुमचा हेज ते स्लाऊ हा पट्टा जेमतेम दहा मैलांचा आहे. त्यातला काउली पीचीपासून स्लाऊपर्यंतचा पाच मैलांचा फाटा पुढे बंद आहे. तिथे एकाच जागी पुढेमागे करत राहिलात तर आधी पत्र येईल, मग वर्षाऐवजी सहा महिन्यांचा परवाना आणि त्यातही सुधारणा दिसली नाही तर परवानाच जाईल. परवाना नसलेली बोट पाण्यातून उचलून नेण्याचा अधिकार ट्रस्टला आहे. तुमचं तर राहतं घरच त्या बोटीत असेल.

यावर मार्ग आहे, पण त्यासाठी नकाशा मोठा करावा लागेल. हेजहून एक फाटा पूर्वेला अल्पर्टनवरून पॅडिंग्टनच्या लिटल व्हेनिसपर्यंत जातो. साडेतेरा मैलांत एकही लॉक, म्हणजे बोट वरखाली करणारा दरवाजांचा टप्पा, नाही. मुख्य कालवा उत्तरेला रिकमन्सवर्थ, हेमेल हेम्पस्टेड, बर्कमस्टेड, ट्रिंग, लेटन बझर्ड असा चढत जातो. हेमेलपासून पुढे युस्टनची रेल्वे जवळपास सोबतीनेच धावते. त्यामुळे लंडनला नोकरी असणारे पुष्कळ जण असा लांबचा पल्ला धरून राहतात. तुम्हाला एकट्याला हे जमेल. तुमच्या पत्नीला मात्र ट्रिंगहून स्लाऊला रात्रपाळीला कसं जायचं, हे आज रात्री नकाशा समोर घेऊन त्यांच्याबरोबर बसून पाहा. दोन गाड्या बदलाव्या लागतील आणि शेवटी कालव्याकाठच्या पायवाटेने चालावं लागेल. तिथे दिवा नसतो, हिवाळ्यात चिखल असतो.

कायमची जागा भाड्याने घेता येते, पण तिच्यातही दोन प्रकार आहेत. ‘लेझर मूरिंग’ म्हणजे फक्त बोट ठेवायची जागा, तिथे बारा महिने राहायची मुभा नसते. राहायची परवानगी असलेल्या ‘रेसिडेन्शियल’ जागा पश्चिम लंडनमध्ये कमी आहेत, महाग आहेत आणि त्यांच्यासाठी थांबावं लागतं. तुमच्यासारख्या जोडप्याला ही जागा आधी आणि बोट नंतर, असा क्रम मी सुचवेन. जागेचं भाडं धरल्यावर बचत बरीच आटते, हेही समोर ठेवा.

आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बोटीचा मसाला असा: 57 फुटी बोटीचा परवाना वर्षाला हजार पौंडांच्या वरच जातो. कायमची जागा नसणाऱ्यांना 2024 च्या एप्रिलपासून त्यावर जादा आकार बसतो. तो टप्प्याटप्प्याने वाढत 2028 पर्यंत 25 टक्के होणार आहे. त्यात विमा, डिझेल, प्रोपेनच्या टाक्या आणि शेगडीसाठी कोळसा येतो. कडाक्याच्या थंडीत आमची आठवड्याला दोन पोती संपायची. दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून रंग, गंज रोखायला तळाशी लावलेले मॅग्नेशियमचे ठोकळे झिजले की नवे, चार-पाच वर्षांनी बॅटऱ्या. काही मोठं बिघडलं नाही तरी वर्षाला पाच-सहा हजार धरा. पहिल्या वर्षी याच्या दीडपट, कारण जुन्या बोटीची दुखणी नव्या मालकालाच कळतात. 56,000 पैकी 47,500 बोटीत घातलेत तर हाताशी उरतील साडेआठ. ते कमी आहेत. या शिलकीत चाळीसच्या आतबाहेरची बोट शोधावी, किंवा अजून वर्षभर साठवावं.

भाड्यापेक्षा हे स्वस्तच पडतं, ते मी नाकारत नाही. पण चार वर्षांनी विकून डिपॉझिट भरायचं गणित मला पटत नाही. घरासारखी बोटीखाली जमीन नसते. ती वापरली की तिची किंमत उतरते आणि पत्रा पातळ होतो. तुम्ही विकायला काढाल तेव्हा ती तिशी ओलांडलेली असेल. खरेदीदाराची विमा कंपनी तेव्हा सर्व्हे मागेल आणि गिऱ्हाईक त्या अहवालावर भाव पाडेल. साधी बँक जुन्या बोटीसाठी गृहकर्ज देत नाही, त्यामुळे रोख देऊ शकणारं गिऱ्हाईक शोधावं लागतं. घराचं डिपॉझिट साठवायचं असेल तर ते वाचलेल्या भाड्यातून दरमहा वेगळ्या खात्यात टाका. बोटीच्या विक्रीतून येईल ते वरचं समजा.

इथवर पैशांचं झालं. तुमच्या पत्रात बोटीविषयी बरंच आहे आणि पत्नीविषयी एकच ओळ: ‘सुरुवातीला जड जाईल, पण सवय होईल.’ हे त्यांचे शब्द आहेत की तुमचे?

विचारायचं कारण सांगते. बाहेरून 57 फूट लांब आणि 6 फूट 10 इंच रुंद. ही रुंदी अठराव्या शतकात बांधलेल्या अरुंद लॉकमधून जाता यावं म्हणून ठरलेली आहे. आत राहायला चाळीस-बेचाळीस फूट लांबी आणि सहा फूट रुंदी, म्हणजे अडीचशे चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली 160 ची असते आणि तिच्यात अख्खी कुटुंबं वाढली आहेत. तेव्हा जागा लहान आहे ही अडचण मी मानत नाही. अडचण आकाराची आहे. सगळी बोट म्हणजे एक बोळ. एकाला पुढून मागे जायचं तर दुसऱ्याने अंग चोरायचं. एक जण झोपला असेल तर दुसऱ्याचा प्रत्येक आवाज त्याच्यापर्यंत जातो.

आता यात तुमची वीज बसवून पाहा. घरून कामाच्या दिवशी लॅपटॉप आणि मॉनिटर मिळून आठ तासांत 12 व्होल्टच्या बॅटरीतून साठेक अँपिअर-तास ओढतील. फ्रिजचे चाळीस, वर दिवे, पाण्याचा पंप, राउटर. दिवसाला शंभर-सव्वाशे. 110 च्या चार साध्या बॅटऱ्या असल्या तरी निम्म्याच वापरायच्या असतात, नाहीतर त्या लवकर मरतात. उन्हाळ्यात छतावरचे सोलर पॅनल हे सगळं भरून काढतात. डिसेंबरात इंग्लंडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. मग रोज तीन-चार तास इंजिन चालवावं लागतं आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ते सकाळी 8 ते रात्री 8 याच वेळेत चालवायचं असतं. तुमच्या पत्नी रात्रपाळी करून नेमक्या त्याच वेळात झोपणार. बहुतेक बोटींमध्ये इंजिन मागे असतं आणि झोपायची खोली त्याला लागून. दोन खोल्यांच्या मधली लाकडी फळी तुमच्या मुठीएवढीही जाड नसते.

हे त्यांना कुणी सांगितलंय का? त्यांना सवय होईल असं आपण म्हणतो तेव्हा ती कशाची, हे नीट उलगडून सांगायला हवं.

आणि कॅसेट. बोटीचा संडास बहुधा कॅसेटचा असतो. खालची वीसेक लिटरची पेटी काढून कालव्याकाठच्या ‘एल्सन’वर, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करायची. दोघांना तीन-चार दिवस पुरते. जानेवारीत एकदा आमच्याभोवती कालवा गोठला आणि बोट हलवता येईना. त्या आठवड्यात एका हातात भरलेली पेटी, दुसऱ्या हातात टॉर्च, बर्फाने कडक झालेल्या पायवाटेवरून सव्वा मैल, असं आम्ही दोघं पाळीपाळीने गेलो. पाळीपाळीने, म्हणून ते निभावलं. ज्या बोटींवर हे काम एकाच माणसाच्या गळ्यात पडतं तिथे संसार कुरकुरायला वेळ लागत नाही, हे मी शेजारच्या बोटींवर पाहिलंय.

स्वयंपाकाचंही ऐका, कारण हे कुठलाही इंग्रज सर्व्हेअर सांगणार नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की ती वाफ खिडकीच्या थंड चौकटीवर जाऊन बसते आणि पाण्याचे ओघळ गादीखाली उतरतात. आमच्या पहिल्या हिवाळ्यात गादीच्या खालच्या अंगाला काळी बुरशी धरली होती. तेव्हापासून डाळ शेगडीवर मंद ठेवून उघड्या झरोक्याखाली शिजवायची, गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घालायची आणि कपडे शक्यतो लाँड्रीत वाळवायचे, असा नेम केला. फोडणीचा वास मात्र पुढच्या टोकापर्यंत जातो आणि उद्याही असतो. मला तो आवडायचा.

आई-बाबांविषयी थोडक्यात. बोटीत उतरायला दोन्ही टोकांना तीन-चार अरुंद, उभ्या पायऱ्या असतात आणि चढताना बोट हलते. आईंचे गुडघे दुखत असतील तर मुक्कामासाठी जवळ खोली भाड्याने घ्या आणि दिवसा बोटीवर आणा. जून महिन्यात सकाळी चहाचा कप घेऊन पुढच्या टोकाला बसलं की बदकाची पिल्लं हाताच्या अंतरावरून जातात. ते त्यांना जरूर दाखवा.

याच विषयावर आणखी काही वाचकांनी विचारलंय, म्हणून पत्त्याविषयी दोन शब्द. डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, दवाखाना पुरावा मागत असेल तर हे सांगा. मतदानासाठी, स्थिर पत्ता नसला तरी, एखाद्या भागाशी असलेल्या नात्याचं प्रतिज्ञापत्र भरता येतं, आणि तिथे रीतसर राहणाऱ्या भारतीयांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मत आहे. जे व्हिसावर आहेत त्यांनी मात्र पत्ता बदलला की होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, कळवायचं असतं. पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करायचा असेल तर बोट घेण्याआधीच वकिलाशी बोलून घ्या. लहान मुलं असणाऱ्यांनी शाळेचा प्रवेश पत्त्यावर अवलंबून असतो हे धरून कायमच्या जागेचाच विचार करावा.

तुम्हाला माझा सल्ला असा. फेब्रुवारीत एक आठवडा नॅरोबोट भाड्याने घ्या. थंडीत बोटी देणारे कमी असतात, पण असतात. सुट्टीसारखं राहू नका. लॅपटॉप न्या, तीन दिवस पूर्ण काम करा. पत्नीला एक रात्र जागू द्या आणि दुसऱ्या दिवशी इंजिन चालू असताना झोपायला सांगा. कुकर लावा. पेटी दोघांनीही एकेकदा रिकामी करा. त्यानंतर त्या ‘घेऊ या’ म्हणाल्या तर मला मनापासून आनंद होईल. मी स्वतः नऊ हिवाळे त्या पाण्यावर काढलेत आणि त्यातला एकही परत द्यावासा वाटत नाही. त्या ‘नको’ म्हणाल्या तर त्यांच्याशी वाद घालू नका.

मालकाला आजच कळवा: बोट आवडली, पण सर्व्हेअर आमचा आणि टोकन लेखी अटीवर. ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ असं तो म्हणाला, तर त्या गिऱ्हाइकाला बोट घेऊ द्या. जुन्या नॅरोबोटी वर्षभर विक्रीला येत असतात. पुढची दिसेल तोवर तुमचा फेब्रुवारीचा आठवडा झालेला असेल, आणि पुढचं पत्र तुमच्या पत्नीने लिहिलं तर मला जास्त आवडेल.